पायाखालची गोष्ट: स्मार्ट सुखतळ्याची दीडशे वर्षं

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचा इअरफोन कुठेतरी पडला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं बोलणं इथे लिहून देतोय. ऐकणाऱ्यांनी ऐका, वाचणाऱ्यांनी वाचा.

सुरुवातीला एक काम करा. मोबाईल उघडा आणि आज किती स्टेप्स झाल्या ते बघा. चार हजार? सात हजार? ठीक आहे. हा आकडा तुम्ही किती चाललात ते सांगतो. पण कसे चाललात? डाव्या पायावर जास्त भार टाकला का? टाच आधी टेकली की चवडा? प्रत्येक पाऊल सारख्या वेळाने पडलं का? याबद्दल तो आकडा गप्प बसतो.

आणि माणसाचं दुखणं बहुतेक वेळा या ‘कसं’मध्येच लपलेलं असतं. आपल्या भाषेलाच बघा ना. लंगडणं, फरफटणं, अडखळणं, झोकांड्या खाणं, पाय ओढत चालणं, तुरुतुरु चालणं. चालीसाठी इतके शब्द आहेत, कारण चाल बघून माणूस ओळखायची आपली जुनी सवय आहे. जिन्यात पावलांचा आवाज आला की घरात कोण येतंय ते न बघता कळतं.

आजचा विषय आहे स्मार्ट इनसोल. बुटाच्या आत बसणारा, सेन्सर लावलेला तळ. बुटाच्या आतल्या या थराला मराठीत एक छान जुना शब्द आहे, सुखतळा. तर हा स्मार्ट सुखतळा पार्किन्सन, पक्षाघात, मधुमेहाने बधिर झालेले पाय, गुडघ्याची झीज, मांडीचं मोडलेलं हाड अशा दुखण्यांत माणूस दिवसभर कसा चालतो याची नोंद ठेवतो. जाहिरात बघितली तर वाटेल, हे कालपरवाचं तंत्रज्ञान आहे. पण बुटात यंत्र बसवून पाऊल मोजण्याची कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे. आणि या दीडशे वर्षांत एक प्रश्न सारखा परत येतो. पाय बोलतोय हे कळलं, पण ऐकतंय कोण?

डॉक्टरचा डोळा

चला लंडनला. साल १८१७. जेम्स पार्किन्सन नावाचे एक डॉक्टर एक छोटं पुस्तक छापतात. विषय असतो, अंगाला कंप सुटण्याचा एक आजार. त्यात एकूण सहा माणसांची हकीकत आहे. गंमत म्हणजे यातल्या काही जणांना पार्किन्सननी दवाखान्यात तपासलंच नव्हतं, फक्त रस्त्यावर बघितलं होतं. अंग पुढे झुकलेलं, पावलं छोटी, आणि चालता चालता आपोआप पळायलाच लागलेला माणूस. स्वतःचाच तोल पकडायला स्वतःच्याच मागे धावावं, तसं.

पुढे काही दशकांनी पॅरिसचे प्रसिद्ध डॉक्टर शार्को यांनी या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात ओळखीच्या मेंदूच्या आजारांपैकी एक आजार अंशतः फुटपाथवर उभं राहून ओळखला गेला. हातात ना मशीन, ना रिपोर्ट.

पण डोळ्याची एक अडचण असते. डोळा ओळखतो, पण मोजत नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या आणि आजच्या चालीत किती फरक पडला, हे डोळ्याला नेमकं सांगता येत नाही. १८३६ मध्ये जर्मनीत वेबर बंधूंनी, म्हणजे विल्हेल्म आणि एडुआर्ड यांनी, चालण्याच्या यंत्रणेवर मोठा ग्रंथ लिहिला. पावलाची लांबी, लागणारा वेळ, सगळं मोजलं. त्यांचं म्हणणं होतं की चालताना पाय घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो. ते पूर्ण बरोबर नव्हतं, पण चाल आकड्यांत मांडता येते हे तिथे पक्कं झालं.

पॅरिसचा हवा भरलेला बूट

आता मुख्य पात्र येतं. एतिएन-ज्यूल मारे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. या माणसाला एकच नाद होता. जे जे हलतं त्याची रेघ कागदावर काढायची. नाडीचा ठोका, पाखराचा पंख, घोड्याची टाप, सगळं.

१८७२ च्या सुमाराला मारे आणि त्यांचे विद्यार्थी गास्तों कार्ले यांनी काय केलं, बघा. बुटाच्या तळात रबराची हवाबंद पोकळी बसवली. तिथून एक रबरी नळी निघते. पाऊल जमिनीवर टेकलं की पोकळी दाबली जाते, हवा नळीतून पुढे सरकते, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला असलेला ताणलेला पातळ पडदा फुगतो. पडद्यावर बारीक टोकाची काडी. ती काडी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढते. पाय टेकला की रेघ वर, उचलला की खाली. झाला आलेख!

१८७३ मध्ये मारे यांचं पुस्तक आलं. त्यात एक चित्र आहे. एक माणूस पळतोय, पायात हे खास बूट, बुटांमधून निघालेल्या नळ्या, आणि हातात नोंद करणारं छोटं यंत्र. म्हणजे सेन्सर बुटात आणि नोंदवही सोबत, थेट आजच्या मोबाईलसारखी! ब्लूटूथच्या जागी रबरी नळी एवढाच काय तो फरक.

हा बूट कोणासाठी होता? शास्त्रज्ञासाठी. निरोगी माणूस, घोडा, पुढे सैनिक. १८८२ मध्ये मारे यांना पॅरिसच्या कडेला सरकारी मदतीने एक प्रयोगकेंद्र मिळालं, आणि सैनिक कूच कसे करतात, पाठीवर वजन असलं की चाल कशी बदलते, याचा अभ्यास तिथे झाला. बूट घालणाऱ्याला स्वतःच्या पावलाबद्दल काय कळलं? काही नाही. कागदावरची रेघ दुसराच कोणीतरी वाचत होता.

लाल पावलं

त्याच पॅरिसमध्ये, शार्को यांच्याच साल्पेत्रिएर रुग्णालयात, जिल द ला तुरेत नावाचे तरुण डॉक्टर काम करत होते. तुरेत सिंड्रोम हे नाव ऐकलं असेल, तेच हे. १८८६ मध्ये त्यांनी चालीवरचा अभ्यास छापला. पद्धत एकदम साधी. जमिनीवर सातआठ मीटर लांब कागदाची गुंडाळी पसरायची, पेशंटच्या तळव्यांना लोखंडाची लाल भुकटी लावायची, आणि म्हणायचं, चला.

आपल्याकडे गौरी घरात येताना दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं उमटवतात ना? अगदी तसंच. फक्त ही पावलं आजाराची होती. पार्किन्सनच्या पेशंटची छोटी छोटी, जवळ जवळ पडलेली. एका बाजूला लकवा मारलेल्याचं एक पाऊल स्वच्छ आणि दुसरं ओढत नेलेलं, मागे शेपटीसारखा डाग. दोन पावलांमधलं अंतर, पायाचा कोन, सगळं पट्टीने मोजता येत होतं.

इथे आजारी माणसाचं पाऊल कागदावर नीट उतरलं. पण लक्षात घ्या, फक्त रुग्णालयात. सातआठ मीटरपुरतं.

चाल प्रयोगशाळेत अडकते

यानंतर कॅमेऱ्याचं युग आलं. अमेरिकेत मायब्रिजने घोड्याचे आणि माणसांचे ओळीने फोटो काढले. मारे स्वतःही बूट सोडून कॅमेऱ्याकडे वळले. जर्मनीत १८९१ मध्ये ब्राउन आणि फिशर यांनी एका माणसाच्या अंगावर प्रकाशणाऱ्या नळ्या बांधल्या आणि अंधारात त्याला चालवून फोटो घेतले. ती तयारी करायलाच कित्येक तास लागायचे.

मग दुसरं महायुद्ध. हजारो सैनिक पाय गमावून परतले आणि त्यांना चांगले कृत्रिम पाय हवे होते. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात यासाठी मोठं काम उभं राहिलं. त्यातले एक इंजिनिअर हॉवर्ड एबरहार्ट. हे आधी विमानाच्या धावपट्टीवर किती भार येतो ते तपासायचे. तशाच एका चाचणीत १९४४ मध्ये त्यांचाच पाय गेला. पुढे ते स्वतः कृत्रिम पाय लावून चालीच्या संशोधनात उतरले. या टीमचा १९५३ चा लेख ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी वाचला. लॉस एंजेलिसजवळच्या रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात डॉ. जॅकलिन पेरी यांनी पोलिओच्या पेशंटपासून सुरुवात करून चालीचं विश्लेषण अक्षरशः शास्त्र म्हणून उभं केलं.

हे सगळं अफाट काम होतं. पण त्यात एक गोची होती. प्रयोगशाळेत माणूस चांगला चालतो! पार्किन्सनच्या घरच्यांना विचारा. घरी दाराच्या चौकटीत पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, एक पाऊल पुढे पडत नाही. डॉक्टरसमोर मात्र गडी ताठ चालून दाखवतो. यात नाटक काही नाही. मोकळी जागा, सगळं लक्ष चालण्यावर, समोर डॉक्टर, अशा वेळी मेंदू वेगळा वागतो. अरुंद बोळ, हातात पाण्याचा तांब्या, मध्येच फोन वाजला, अशा वेळची चाल प्रयोगशाळेत येतच नाही.

मग खरी चाल कुठे सापडणार? परत बुटातच. आणि त्या परतीच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा धडा मिळाला आपल्या भारतात.

वेल्लूरचे बधिर पाय

डॉ. पॉल ब्रँड. इंग्रज मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले. लंडनला सर्जन झाले आणि १९४६ मध्ये वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तिथे त्यांच्यासमोर कुष्ठरोगाचे पेशंट होते. झडलेली बोटं, तळव्याला न भरणाऱ्या जखमा. तेव्हाची सर्वसाधारण समजूत अशी की कुष्ठरोगात मांसच कुजत जातं.

ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने बघितलं तेव्हा वेगळंच निघालं. आजार नसा मारतो. नसा मेल्या की वेदना जाते. वेदना गेली की माणूस निखारा उचलतो, खिळ्यावर पाय देतो, जखमेवर दिवसभर चालतो, आणि त्याला पत्ताच लागत नाही. झिजवत होतं ते न जाणवणारं रोजचं जगणं.

आता चालीचा मुद्दा बघा. तुम्ही-आम्ही लांब चाललो की टाच दुखायला लागते, आणि आपण नकळत भार बाहेरच्या कडेवर घेतो. थोडं लंगडतो, थांबतो, बूट सैल करतो. प्रत्येक किलोमीटरला आपली चाल थोडी बदलत असते. बधिर पायाचा माणूस मात्र पहिलं पाऊल जसं टाकतो तसंच दहाहजारावं टाकतो. तीच जागा, तोच दाब, परत परत. शेवटी तिथली कातडी आतून फाटते. म्हणजे लंगडणं ही एक देणगी आहे, मंडळी!

वेल्लूरकडच्या या कामातून मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल आली. तळव्यावरचा दाब पसरवणारी. भारतभर कुष्ठरोग्यांसाठी ती वापरली गेली, आणि आज मधुमेहाच्या पेशंटनाही डॉक्टर तीच लिहून देतात. बाबा आमट्यांच्या आनंदवनाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. कुष्ठरोग बरा झाला तरी बधिर झालेले हातपाय आयुष्यभर सांभाळावे लागतात, हे तिथल्या माणसांना कोणी शिकवायची गरज नाही.

वेदनेचं यंत्र आणि त्याचं बटण

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी पायावरचा दाब दिसावा म्हणून एक मस्त युक्ती काढली. रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या भरलेला मोजा. तो घालून पेशंट चालला की जिथे दाब जास्त, तिथल्या कुप्या फुटतात आणि रंग गडद होतो. मोजा काढला की पायाचा नकाशा हातात. मग त्या जागेवर बूट कोरायचा.

पुढचा टप्पा जास्त धाडसी होता. त्यांनी विचार केला की वेदना गेली आहे ना, मग इलेक्ट्रॉनिक वेदना बनवू! हातमोज्यांत आणि मोज्यांत दाब मोजणारे सेन्सर. दाब वाढला की कानात आवाज. लोक आवाजाकडे दुर्लक्ष करायला लागले. मग खरा विजेचा झटका द्यायचं ठरलं, तोही काखेत, जिथे स्पर्श अजून शाबूत होता. सेन्सर महाग होते, नाजूक होते, सारखे बिघडायचे. पण खरी अडचण पुढेच आली. एकदा एक पेशंट घट्ट बसलेला बोल्ट फिरवत होता. जोर लावला की झटका बसणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने काय केलं? यंत्र बंद केलं, बोल्ट फिरवला, आणि मग परत चालू केलं.

काही वर्षांच्या मेहनतीनंतर ब्रँड यांनी तो प्रकल्प सोडून दिला. त्यांचा निष्कर्ष असा होता की खरी वेदना बंद करता येत नाही, म्हणूनच ती काम करते. बटण हातात आलं की माणूस ते दाबतोच. तुमच्या फोनवरचे किती नोटिफिकेशन तुम्ही म्यूट केलेत, आठवून बघा.

हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच बटणाभोवती फिरते.

चालीची लय

१९८० नंतर इलेक्ट्रॉनिक्स बारीक झालं. कागदाइतक्या पातळ पत्र्यावर शेकडो दाब-सेन्सर छापून ते बुटात सरकवता यायला लागले. सुरुवातीला कमरेला डबा आणि पायापासून वर केबल. म्हणजे मारे यांच्या नळीची जागा वायरने घेतली, एवढंच.

१९९० च्या दशकात बोस्टनमध्ये जेफ्री हाउसडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी बुटात साधे, स्वस्त सेन्सर ठेवून एकच गोष्ट मोजली. एका पावलापासून त्याच पायाच्या पुढच्या पावलापर्यंत लागणारा वेळ. आणि त्यांनी बघितली ती सरासरीपेक्षा त्यातली चढउतार.

हे तबल्याच्या भाषेत सांगतो. दोन वादक एकाच लयीत ठेका धरतात. मिनिटाला मात्रा सारख्याच. पण एकाची प्रत्येक मात्रा जागेवर पडते आणि दुसऱ्याची थोडी मागे, थोडी पुढे. सरासरी काढली तर दोघे सारखे. कानाला मात्र लगेच कळतं. पार्किन्सन आणि हंटिंग्टन या आजारांत पावलांची ही मात्रा हलते. २००१ मध्ये त्यांनी ५२ वयस्कर माणसांची चाल मोजून मग वर्षभर पाठपुरावा केला. जे पुढे पडले, त्यांच्या पावलांच्या वेळेत पडण्याच्या आधीपासूनच जास्त चढउतार होती. नुसता चालण्याचा वेग बघून ते कळत नव्हतं.

म्हातारपणी पडणं म्हणजे काय, हे घरात ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. खुब्याचं हाड मोडतं, अंथरूण धरलं जातं, आणि घराचं वेळापत्रकच बदलतं. म्हणून या मात्रेच्या हलण्याला एवढं महत्त्व.

आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे या टीमचा डेटा फिजिओनेट नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत ठेवलेला आहे. पार्किन्सनचे १५, हंटिंग्टनचे २०, एएलएसचे १३ आणि निरोगी १६, अशा माणसांच्या पावलांच्या नोंदी. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हा तुमच्यासाठीच आहे.

दुसरीकडे, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ पॅराडिसो यांनी १९९७ मध्ये सेन्सर भरलेला बूट केला. कोणासाठी? नर्तकांसाठी! पाय हलला की त्यातून संगीत निघायचं. तोच धागा पकडून स्टेसी मॉरिस बॅमबर्ग यांनी बोस्टनच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर पार्किन्सनच्या पेशंटसाठी बिनवायरी ‘गेटशू’ केला. त्याचा लेख २००८ मध्ये आला. नाचाचा बूट दवाखान्यात आला तो असा.

आजच्या सुखतळ्यात काय असतं?

मग स्मार्टफोनने पुढचं काम सोपं केलं. तुमच्या फोनमध्ये हालचाल ओळखणारी जी चिप आहे, तीच स्वस्त होऊन सुखतळ्यात बसली. म्युनिकच्या मोटिकॉन कंपनीच्या इनसोलमध्ये प्रत्येक पायाखाली १६ दाब-सेन्सर असतात, सोबत हालचाल मोजणारी चिप, बॅटरी आणि बिनवायरी जोडणी. पावलाची वेळ, दोन्ही पाय एकदम जमिनीवर असण्याचा काळ, भार टाचेकडून अंगठ्याकडे कसा सरकतो, डाव्या-उजव्यात किती फरक, हे सगळं मिळतं.

हाडांच्या डॉक्टरांना याचा फायदा लगेच दिसतो. पायाचं ऑपरेशन झालं की ते सांगतात, या पायावर २० किलोच भार टाका. पेशंट वजनकाट्यावर पाय ठेवून अंदाज घेतो, हो म्हणतो आणि घरी जातो. पण चालताना काटा कुठून आणणार? सुखतळा असला की भार ओलांडल्याक्षणी इशारा देता येतो.

मेंदूच्या आजारांत फायदा वेगळा आहे. पार्किन्सनचं औषध दिवसात कधी चढतं, कधी उतरतं. डॉक्टर तीन महिन्यांनी दहा मिनिटं बघतात. मधल्या काळात पाय कधी अडले, गोळीनंतर किती वेळाने मोकळे झाले, हे पेशंटला आठवून सांगावं लागतं. बुटातली नोंद असेल तर डोस आणि वेळ ठरवायला आधार मिळतो.

एकाला ऐकू आलं, दुसऱ्याला नाही

आता परत ब्रँड यांच्या बटणाकडे. २०१९ मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थ या नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला. मधुमेहाने पाय बधिर झालेले आणि आधी पायाला जखम होऊन गेलेले लोक. सगळ्यांच्या बुटात आठ सेन्सरचा सुखतळा, आणि सोबत घड्याळ. एकाच जागी दाब फार वेळ राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो, म्हणून अशा वेळी घड्याळाने सांगायचं, भार हलवा. पाठपुरावा १८ महिने.

या अभ्यासाची रचना बघण्यासारखी आहे. दोन्ही गटांच्या पायात तोच सुखतळा होता, दोन्हींची नोंद होत होती. फरक इतकाच की एका गटाला इशारा मिळायचा आणि दुसऱ्या गटाचं यंत्र गप्प राहायचं. इशारा मिळणाऱ्या गटात तळव्याला परत जखम होण्याचं प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी निघालं. अभ्यास छोटा होता, ५८ लोकांचा, त्यामुळे लगेच ढोल वाजवायचं कारण नाही. पण अर्थ स्पष्ट आहे. नुसती नोंद ठेवल्याने पाय वाचला नाही, नोंद ज्याची त्याला कळली तेव्हा वाचला. शिवाय जे रोज जास्त तास वापरत होते, त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे बटण अजूनही माणसाच्याच हातात आहे. ब्रँड यांनी झटका दिला, लोकांनी तो बंद केला. इथे घड्याळाने हळूच सांगितलं, आणि बऱ्याच जणांनी ऐकलं.

आणि आपल्या चपला?

आता आपल्याकडे येऊ. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार भारतात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत. सुखतळ्याची गरज कोणाला असेल तर आपल्याला. पण पॅरिसपासून बोस्टनपर्यंत हे सगळं संशोधन एक गोष्ट गृहीत धरून चालतं. माणसाच्या पायात बूट आहे!

आपल्या घरात काय होतं? चपला दारात. घरात अनवाणी, देवळात अनवाणी, शेतात बऱ्याचदा अनवाणी. बाहेर स्लीपर नाहीतर सँडल. सुखतळा घालणार कुठे? आणि पार्किन्सनच्या आजोबांचे पाय अडतात ते बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये, म्हणजे नेमके चप्पल काढल्यावर. आपल्यासाठी हे यंत्र बनवायचं तर ते घरातल्या मऊ चपलेत, पट्ट्यात किंवा मोज्यात बसवावं लागेल, धुळीत आणि पावसाळ्यात टिकावं लागेल, आणि इशारा मराठीत द्यावा लागेल. एमसीआरची चप्पल वेल्लूरकडे जन्मली, कारण कोणीतरी इथले पाय बघून विचार केला. पुढचा सुखतळाही तसाच जन्मायला हवा.

आणखी एक गोष्ट. चाल ही बोटाच्या ठशासारखी खासगी असते. ती कंपनीच्या सर्व्हरवर जाणार असेल, तर ती तिथून कुठे जाते हे विचारायचा हक्क बूट घालणाऱ्याचा आहे. मारे यांच्या बुटातली रेघ दुसऱ्याने वाचली. दीडशे वर्षांनी तरी ती आधी ज्याच्या पायाची आहे त्याला वाचता यावी.

तोपर्यंत यंत्राशिवाय काय करता येईल? बरंच काही. घरात मधुमेहाचं कोणी असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे बघा, आणि घरातही त्यांना मऊ चप्पल घालायला सांगा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या तंतूची तपासणी करून घ्या. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा तो तंतू तळव्याला टेकवतात आणि विचारतात, कळलं का? बधिर पायासाठी हा १० ग्रॅमचा निकषही कारव्हिलच्याच संशोधकांनी १९८६ मध्ये मांडला. दोन मिनिटांचं काम, जवळपास फुकट.

आणि आजी-आजोबांच्या चपला उलट्या करून बघा. एकच कड जास्त झिजली असेल, एका पायाचा चवडा घासून गेला असेल, तर तो झिजलेला तळही एक नोंदवहीच आहे. तिच्यात गेल्या सहा महिन्यांची चाल लिहिलेली असते. त्यात काही वेगळं दिसलं तर फोटो काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

आजच्यासाठी एवढंच. भाग आवडला तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, विशेषतः त्या काकांसाठी, जे म्हणतात, ‘मला काही होत नाही, पायाला कळतच नाही काही.’ त्यांनाच आधी टाका. भेटूया पुढच्या भागात!